राजा एक, देश पंधरा, आणि बाहेर पडायची वाट प्रत्येकाची वेगळी

माझ्या मावसबहिणीनं कॅनडाची सिटिझनशिप घेतली तेव्हा आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर बघत होतो. उजवा हात वर करून तिनं शपथ घेतली ती कॅनडाचा राजा तिसरा चार्ल्स आणि त्याचे वारस यांच्याशी निष्ठा राखायची, आणि मावशी म्हणाली, अगं हा तर इंग्लंडचा राजा ना? तिचा दीर मेलबर्नला असतो, राजा तोच, पण त्याच्या शपथेत राजाचं नावच नव्हतं, कारण ऑस्ट्रेलियानं ते १९९४ मध्येच काढून टाकलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. आज ब्रिटन धरून १५ देशांचा राजा एकच माणूस आहे, पण कायद्यानं ही १५ वेगवेगळी राजपदं आहेत, आणि आत कसं यायचं, बाहेर कसं पडायचं याचा सगळ्यांना लागू असा एकही नियम नाही, जो तो आपापल्या घटनेप्रमाणे.

मला मनापासून वाटतं की असा संघ नव्यानं बांधायचा तर पहिलं कलम बाहेर पडण्याचंच लिहावं आणि ते सगळ्यांना सारखं असावं. लोकांचं मतदान, साधं बहुमत, बस्स.

आत्ता काय आहे बघा. बार्बाडोस २०२१ मध्ये प्रजासत्ताक झाला, संसदेत दोन तृतीयांश मतं पडली आणि झालं, लोकांना विचारायची गरजच पडली नाही. त्याच्या शेजारच्या सेंट व्हिन्सेंटनं २००९ मध्ये सार्वमत घेतलं, तिथे लोकांचीच दोन तृतीयांश मतं लागतात, मिळाली साधारण ४३ टक्के. ठीक आहे, हरले, पण ६० टक्के मिळाली असती तरी हरलेच असते! आणि कॅनडात तर केंद्राची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांतांच्या विधानसभा, सगळ्यांचा होकार लागतो, म्हणजे दोन लाखांच्या आत वस्ती असलेलं प्रिन्स एडवर्ड आयलंड एकटं अख्खा देश अडवू शकतं.

घटना घाईघाईत बदलू नये म्हणून अट कडक हवी हे मला मान्य आहे. पण सेंट व्हिन्सेंटची १९७९ ची घटना लंडनहून निघालेल्या हुकुमानं लागू झाली, राणी हवी का नको असं वेगळं मतदान तेव्हा कुणी घेतलं नव्हतं. आत घेताना विचारायचं नाही आणि बाहेर पडताना एवढा डोंगर चढायला लावायचा, हे मला पटत नाही.

दुसरं कलम, राजा सोडला म्हणून मैत्री तुटू नये. १८ एप्रिल १९४९ ला आयर्लंड प्रजासत्ताक झाला आणि कॉमनवेल्थमधून बाहेर पडला, आणि बरोबर दहा दिवसांनी, २८ एप्रिलला, लंडनमध्ये भारतासाठी तोडगा निघाला की प्रजासत्ताक व्हा आणि सदस्यही राहा, राजा फक्त एकत्र असण्याचं प्रतीक म्हणून मानायचा. फक्त दहा दिवस! आज कॉमनवेल्थमध्ये प्रजासत्ताकंच जास्त आहेत, ती वाट आपल्यापासून सुरू झाली याचा मला खरंच अभिमान आहे.

तिसरं कलम सगळ्यात अवघड आणि ते आपल्याच घरातलं आहे. ऑक्टोबर १९४७, काश्मीर. दिल्लीत गव्हर्नर जनरल माउंटबॅटन, कराचीत गव्हर्नर जनरल जिना, दोघंही सहाव्या जॉर्जचे प्रतिनिधी. जिनांनी सैन्य घुसवायचा हुकूम दिला तर त्यांचेच प्रभारी सेनाप्रमुख जनरल ग्रेसी यांनी तो पाळला नाही, दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांच्या सैन्यांवरचे ब्रिटिश सर्वोच्च सेनापती ऑकिनलेक विमानानं लाहोरला पोचले आणि सांगितलं की सैन्य गेलं तर सगळे ब्रिटिश अधिकारी काढून घेतले जातील. तरी पुढे लढाई झालीच, एकाच राजाचे दोन देश समोरासमोर. राजानं ज्या त्या देशाच्या मंत्र्यांचं ऐकायचं हा नियम अशा वेळी काय कामाचा, दोन्हीकडचे मंत्री उलटंच सांगणार ना? म्हणून माझ्या मसुद्यात लिहिलंय की दोन सदस्यांमध्ये गोळी चालली त्या दिवसापासून राजाचे दोन्हीकडचे सगळे अधिकार थांबतील, आणि ते त्या त्या देशाच्या संसदेनं निवडलेल्या माणसाकडे जातील.