नरक्याचा काढा पिऊन केमो थांबवू नका

मावशीच्या फोनवर परवा एक मेसेज आला: 'सह्याद्रीतल्या दुर्मीळ नरक्याच्या पानांचा काढा रोज उपाशीपोटी घ्या, 40 दिवसांत कॅन्सर गायब. झाडपाला आहे, दुष्परिणाम शून्य. केमो बंद करा. औषध कंपन्यांनी हे दडपून ठेवलंय.' मावशीला आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. तिने मला विचारलं, 'बंद करू का रे?' म्हणून हे लिहितोय.

एवढं खरं, की नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते कॅन्सरच्या पेशी मारतं. 1966 साली ते एका चिनी झाडातून वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे. पुढे ते नरक्यातही सापडलं. मेसेजमधलं खरं इथेच संपतं.

'दुष्परिणाम शून्य' हे वाक्य जीवघेणं आहे. 1970च्या आसपास अमेरिकेत कॅम्प्टोथेसिनचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला. रक्तपेशी घसरल्या, लघवीतून रक्त जाऊ लागलं. अखेर त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. तेही शुद्ध, मोजून दिलेलं औषध होतं! मग घरच्या पातेल्यात किती उतरलं, हे कोण मोजणार? मुळात ते पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि नरक्याच्या पानांत मुळा-सालीपेक्षा कमी असतं. म्हणजे काढ्याचा बहुधा काही उपयोग नाही, आणि चुकून अंगात गेलंच तर विषारी. त्यात मावशीला दिलं जाणारं इरिनोटेकॅन हे केमोचं औषध याच द्रव्यापासून बनवलेलं. त्याने आधीच जुलाब होतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यावर हा काढा द्यायचा?

'दडपलं' म्हणे! कॅम्प्टोथेसिनपासूनच बनवलेल्या इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन या दोन्ही औषधांना 1996 सालीच अमेरिकेत मंजुरी मिळाली. कंपन्या ती उघड विकतात.

'केमो बंद करा' म्हणणाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या डॉक्टरांचा 2018चा अभ्यास वाचावा. शरीरात इतरत्र न पसरलेला कॅन्सर असताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपाय करणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो साडेचार पटींहून जास्त होता.

40 दिवसांच्या आकड्याला कसलाच आधार नाही. शिवाय नरक्याची चोरटी तोड आधीच चालू आहे, असल्या मेसेजने ती वाढेल.

घरात कोणी हा काढा घेत असेल तर आजच थांबवा आणि केमोचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.