हाय-रेझ ऐकायचंय? आधी खोली बघा, मग मास्टर, आकडे शेवटी

अ‍ॅपवर ‘हाय-रेझ लॉसलेस’ (म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांची, काही न गाळलेली फाईल) असा बिल्ला दिसला म्हणजे आवाज चांगलाच असणार, हा समज आता पक्का होत चाललाय. त्यापायी लोक भलत्या जागी पैसे घालतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. गोव्यातल्या घरात बसून संगीत ऐकायचं तर ‘कुठलं मास्टर’ (स्टुडिओत आवाज बसवून विक्रीसाठी केलेली शेवटची प्रत) आणि ‘कशी खोली’ या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो, तेवढा २४/९६ च्या जागी २४/१९२ घेतल्याने कधीच पडत नाही. यात पहिला आकडा दर नमुन्याचे बिट, दुसरा सेकंदाचे नमुने, हजारांत. मोठ्या आकड्यांचा खरा उपयोग रेकॉर्डिंग करताना होतो. ऐकताना त्यांची गरज फार कमी.

सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतची कंपनसंख्या साठवता येते, म्हणजे सीडीत २२ किलोहर्ट्झपर्यंत. धडधाकट तरुण कानाची मजल २० पर्यंत, आणि वय वाढेल तशी ती खाली येते. दोन नमुन्यांच्या मधली जागा ‘रिकामी’ राहते आणि आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होतो हे चित्र जाहिरातीतलं आहे. डॅकमधून (आकड्यांची पुन्हा लहर बनवणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडते ती अखंड लहरच. बिटांचं काम वेगळं. सगळ्यात मोठा आवाज आणि तळाची खरखर यांच्यातलं अंतर बिट ठरवतात, दर बिटाला साधारण ६ डेसिबल. १६ बिटांना ९६ डेसिबल, २४ बिटांना कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तमातला उत्तम डॅकही १२०-१३० च्या आसपास थांबतो.

आता हे आपल्या खोलीत मांडून बघा. रात्री खिडक्या बंद असलेली शांत खोली ३०-३५ डेसिबलची. पंखा फिरायला लागला की ४५ च्या पुढे सहज. गाणं ऐकताना तारसप्तकातली एखादी तान ९० ला टेकली तरी हातात उरतात ४५ डेसिबल. गोंगाटाखालचंही थोडंफार कानाला जाणवतं हे खरं, तरी सीडीच्या ९६ ला आपण पोचत नाही. आणि जुलैत बाल्कनीवरच्या पत्र्यावर सर कोसळत असते तेव्हा तर बिटांचा विषयच काढायला नको. पंखा बंद करून, फार तर एसीने खोली आधी गार करून तो मंद वेगावर ठेवून ऐकलं, तर जो तपशील कानावर येतो तो कुठल्याही नव्या फाईलने येत नाही.

१९२ च्या फायलींविरुद्ध आणखी एक मुद्दा. २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) तो वाजवावाच लागतो. ते जसंच्या तसं वाजवणारे नसले तर त्या न ऐकू येणाऱ्या कंपनांची आपसात सरमिसळ होते आणि तिची विकृती खाली, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते. मध्यम किमतीच्या यंत्रणेवर १९२ ची फाईल क्वचित खराबही वाजू शकते ती यामुळे.

यावर चाचण्याही झाल्या आहेत. २००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी हाय-रेझ आवाज थेट, आणि तोच सीडीच्या दर्जातून गाळून, असा न सांगता ऐकवला. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे नाणेफेकच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक शून्य नाही, पण अगदी बारीक आहे.

कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी करून बघा. खात्रीची २४/९६ फाईल घ्या. सॉक्स या सॉफ्टवेअरने तिची डिदर (बिट कमी करताना घालायची अगदी बारीक खरखर) लावून १६/४४.१ करा आणि तीच परत २४/९६ वर आणा. परत आणायचं कारण असं की डॅकचा दर बदलताना होणारी ‘टक्’ किंवा दिव्याचा रंग तुम्हाला उत्तर सांगून जाऊ नये. मग फूबार २००० या प्लेअरमधल्या एबीएक्स कंपॅरेटरमध्ये दोन्ही टाका. तो नाव लपवून एक फाईल ऐकवतो, ती कुठली हे १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आली तर तो नुसता योगायोग असण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा हवा. अर्ध्या डेसिबलने मोठी असलेली फाईल कानाला ‘जास्त मोकळी’ वाटते, आणि बहुतेक वादांचं मूळ तिथंच असतं.

मग हाय-रेझ आवृत्ती घेतल्यावर लोकांना जो फरक खरोखर ऐकू येतो तो कसला? बहुतेक वेळा मास्टरचा. तेच गाणं सीडीसाठी किंवा रेडिओसाठी दाबून, सपाट करून मोठं केलेलं असतं आणि हाय-रेझ विक्रीसाठी मूळ टेपवरून पुन्हा, हात आवरून केलेलं असतं. अशी फाईल जरूर विकत घ्या. मात्र ती १६/४४.१ वर आणली तरी तिचा मोकळेपणा तसाच राहतो, हे वरच्या चाचणीतच कळेल. उलटही घडतं. १९२ चा शिक्का आणि आत दाबून ठोकलेलं मास्टर.

नकली फायलीही खूप आहेत. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि फाईल त्यात टाका, आवाज किती उंच कंपनांपर्यंत पोचतो याचा आलेख दिसतो. ९६ म्हणून विकलेल्या फाईलचा आलेख २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा सरळ थांबत असेल तर ती सीडीची फुगवलेली प्रत आहे. १६ वर कापलेला असेल तर बहुधा १२८ केबीपीएसच्या एमपी३ वरून केलेली. वर हळूहळू विरत जाणारा आलेख मात्र खरा असू शकतो. तानपुरा आणि गळा यांच्यात मुळातच अतिउंच कंपनं कमी असतात.

आपल्याकडच्या जुन्या संगीताला हे फार लागू पडतं. केसरबाई केरकर फोंड्याजवळच्या केरीच्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. तिचं मूळ तीन-साडेतीन मिनिटांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीचं. मुळात नसलेली उंच कंपनं १९२ मध्ये हस्तांतर करून येत नाहीत. तिथं प्रश्न वेगळेच असतात: सुई खोबणीच्या मापाची होती का, तबकडी बरोबर वेगाने फिरवली का, खरखर काढताना गाण्याचा कोणता भाग गेला. वेग चुकला तर पट्टीच बदलते, काळी चारचं गाणं काळी पाचकडे सरकतं. सफाई अती झाली तर शब्दांतले ‘स’ आणि ‘त’ बोथट होतात, तानपुऱ्याची जवारी गायब होते आणि गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. थोडी खरखर ठेवलेली सीडी-दर्जाची प्रत आणि घासून पुसून गुळगुळीत केलेली २४-बिटची प्रत समोर असतील तर मी डोळे झाकून पहिली घेईन.

फाईल डॅकपर्यंत न बदलता पोचते का, हे तपासणं सोपं आहे. ४४.१ ची एक आणि ९६ ची एक फाईल लागोपाठ वाजवा. डॅकवरचा आकडा किंवा दिव्याचा रंग बदलला नाही तर मध्ये कुणीतरी दर बदलतंय. विंडोजवर फूबारमध्ये आउटपुटला वासापी एक्सक्लुझिव्ह निवडा, म्हणजे विंडोज मध्ये हात घालत नाही. अँड्रॉइड साधारणपणे सगळं ४८ वर आणतो, त्याला बगल द्यायला यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो लागतं. आयफोनच्या जुन्या लाइटनिंग कनेक्टरचं अ‍ॅपलचं हेडफोन अ‍ॅडॅप्टर २४/४८ वर थांबतं. ब्लूटूथवर हाय-रेझ विसरा. एलडॅक ही ब्लूटूथवर आवाज पाठवायची पद्धत चांगली असली तरी कमाल ९९० केबीपीएस, आणि नुसत्या सीडीलाच १,४११ लागतात. साठवणीचं म्हणाल तर तासाभराचा २४/९६ अल्बम फ्लॅकमध्ये (काही न गमावता आकार कमी करणाऱ्या फाईलमध्ये) सव्वा जीबीच्या आसपास बसतो.

आता खोली, कारण खरी लढाई तिथं आहे. पर्वरी, मडगाव, फोंड्याच्या नव्या फ्लॅटांतली बेडरूम पुष्कळदा १० बाय १० ची, वर साधारण तेवढ्याच उंचीवर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. आवाजाला याहून वाईट आकार नाही. १० फुटांच्या अंतरात ५७ हर्ट्झची लहर उभी राहते, आणि तिन्ही दिशांना एकच माप असल्याने ती तिपटीने माजते. तिच्या दुपटीला, ११३ च्या आसपास, पुन्हा तेच. हे ऐकायला यंत्र नको, तबला पुरतो. वादक डग्ग्यावर मनगट दाबत घिस्सा काढतो तेव्हा स्वर सलग चढत जातो. वाईट खोलीत तो सलग येत नाही. एका ठिकाणी घुमतो, पुढे अचानक पोकळ होतो, मग परत उसळतो. स्पीकर तेच, खुर्ची दोन फूट पुढे घेतली की चित्र पालटतं. खुर्ची खोलीच्या बरोब्बर मध्ये आणि मागच्या भिंतीला टेकून, या दोन जागा टाळा. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर सुरुवात करा आणि डग्गा ऐकत पुढेमागे सरका.

जुन्या घरात गणित वेगळं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती खालचा स्वर धरून ठेवतात, पण वर नळ्यांचं उंच छप्पर असेल तर तो फटींतून निसटतो आणि घुमारा कमी होतो. उतरतं छप्पर असल्यामुळे जमीन आणि छत ही समोरासमोरची जोडीही मोडते. सालात, म्हणजे जुन्या घराच्या दिवाणखान्यात, ऐकायची सोय असेल तर फ्लॅटपेक्षा तिथं निम्म्या कष्टात चांगला आवाज मिळतो. पावसाचे चार महिने मात्र हेडफोनचे.

फ्लॅटमध्ये करण्यासारखं असं: स्पीकर आणि डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण, बाजू खोलीत बसेल तेवढी, ट्वीटर कानाच्या उंचीला, स्पीकरची पाठ भिंतीपासून जमेल तर दोन फूट. मग खुर्चीत बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथं ट्वीटर दिसतो तिथं आवाज पहिल्यांदा आपटतो. तिथं चार इंच जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनेल लावा, वर हवा खेळेल असं सुती कापड. इथं गोव्याची खास काळजी: पॅनेल भिंतीला चिकटवू नका, दोन इंच फट ठेवा. नाहीतर ऑगस्टपर्यंत मागे काळी बुरशी चढते. फट ठेवल्याने खालचे स्वरही जास्त शोषले जातात, म्हणजे फायदाच. गालिचा नुसते वरचे स्वर खातो, डग्ग्याला त्याचा काही उपयोग नाही. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची जाड गादी मात्र खरंच काम करते. मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे खोली मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजणीचा मायक्रोफोन दोघातिघांत मिळून घ्या.

गुणगुण येत असेल तर ती फाईलची नसते. ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण म्हणजे बहुधा दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटांवर आहेत आणि अर्थिंगचा फेरा तयार झालाय. सगळं एकाच बोर्डावर आणा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल तर ऑप्टिकल केबलने जोडा. अर्थिंगची पिन कधीही कापू नका. चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो, एप्रिल-मे मध्ये त्यात पाणी घाला. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. मे अखेर आणि ऑक्टोबरात गडगडू लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि राउटरकडून येणारी तांब्याची नेटवर्क केबलही काढा. दमट खाऱ्या हवेत जॅक आणि आरसीए केबलची टोकं काळवंडतात, एका बाजूचा आवाज जायला लागतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की बहुधा सुटतं. पावसाळ्यात अ‍ॅम्प आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, त्याच्याच उबेने ओल जाते. स्पीकर घेताना शंकूची कड फोमची आहे की रबराची ते विचारा. फोमची इथं टिकत नाही.

आणि २४ बिट जिथं खरोखर हवेत ती जागा आपल्याच कपाटात आहे. गावच्या देवळातल्या बैठका, नाटकं, भजनं यांच्या कॅसेटी घरोघरी बुरशी खात पडल्या आहेत. त्या डिजिटल करताना २४/९६ वापरा. कारण पातळी आधी कळत नाही, आणि २४ बिटांत सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलवर ठेवूनही तळाला काही गमवावं लागत नाही. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट वाजवू नका, ती डेकच्या हेडवरून पुढच्या कॅसेटीत जाते. आधी कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि साफ करून घ्या. आतली दाबपट्टी निखळली असेल तर कवच बदला. प्रत्येक कॅसेटीला हेडचा कोन पुन्हा जुळवा: हेडफोनवर मोनो करून ऐकत स्क्रू हळू फिरवा, जिथं वरचे स्वर सगळ्यात उघडे ऐकू येतात तिथं थांबा. मूळ फाईल न साफ करता तशीच ठेवा, खरखर काढलेली प्रत वेगळी. फाईलच्या नावात गायक, साथीदार, ठिकाण आणि साल घाला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून हे आताच लिहून घ्या.