तुम्ही काय, मोकळेच!

महाराष्ट्र शासन आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना वयाच्या ५८ व्या वर्षी घरी पाठवते. चतुर्थ श्रेणीतील मंडळींना तेवढी ६० पर्यंत मुभा असते. माझ्या बाबतीत हा हिशेब शासनाने नव्हे, तर गावच्या प्राथमिक शाळेतील गुरुजींनी केला. शाळेत नाव घालताना ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ एवढेच आईने सांगितले. गुरुजींच्या रजिस्टरात पोळ्याचा रकाना नसल्यामुळे त्यांनी वर्गातील निम्म्या मुलांप्रमाणे मलाही १ जून ही जन्मतारीख बहाल केली. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे आमच्या पिढीतल्या असंख्य लोकांना ३१ मे या एकाच दिवशी शाल आणि श्रीफळ मिळाले. त्या आठवड्यात नारळाचे भाव का चढतात, यावर कृषी खात्याने कधीतरी विचार करावा.

निरोप समारंभात साहेबांनी ‘आता मिळालेल्या वेळेचे सोने करा’ असा उपदेश केला. सोने कोणी करायचे, हे मात्र त्यांनी स्पष्ट केले नाही, आणि ती त्रुटी आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीने तत्परतेने भरून काढली. नोकरीत असताना माझा वेळ निदान एकाच साहेबाच्या ताब्यात होता. निवृत्तीनंतर तो सार्वजनिक झाला. ‘तुम्ही काय, मोकळेच!’ हे वाक्य उच्चारताना लोकांच्या चेहऱ्यावर असे कौतुक असते, की नकार देणे म्हणजे पुरस्कार परत करण्यासारखे वाटते.

पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा मुलगा ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान कधीही येईन’ असे शेजाऱ्यांना कळवतो आणि शेजारी कामावर जाताना किल्ली माझ्याकडे देऊन जातात. मी त्या मुलाची वाट पाहतो. ही वाट पाहणे मोठे कष्टाचे काम आहे, कारण त्यात आंघोळीलाही धास्तीनेच जावे लागते. सिलिंडरचे प्रकरण तर याहून अवघड. सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर येतो, तो खांद्यावरून उतरवता उतरवता तो गृहस्थ ‘कोड सांगा’ म्हणतो, आणि कोड ज्यांच्या मोबाइलवर आलेला असतो ते शेजारी त्या वेळी कचेरीत मीटिंगमध्ये बसलेले असतात. मी फोन लावतो, ते कापतात. मी पुन्हा लावतो, ते पुन्हा कापतात आणि ‘नंतर बोलतो’ असा संदेश पाठवतात. दरम्यान सिलिंडरवाला माझ्याकडे, म्हणजे ज्याचा सिलिंडर नाही, कोड नाही आणि बहुधा गॅसही नाही अशा माणसाकडे, ज्या नजरेने पाहतो ती नजर मी सेवेत असताना अर्जदारांकडे टाकत असे.

बँकेतही माझी हजेरी वाढली आहे. पासबुक छापण्याचे यंत्र आल्यामुळे वेळ वाचतो, असे बँक सांगते. वाचत असेलही, पण बारकोडचे चिठोरे फाटलेले असले की यंत्र पासबुक जिभेने ढकलावे तसे बाहेर काढते, आणि चार घरांची पासबुके घेऊन गेलेल्या माणसाला त्यांपैकी निदान दोन तरी फाटक्या चिठोऱ्यांची मिळतातच.

या सर्वांत नोव्हेंबर हा एकच महिना खऱ्या अर्थाने माझा. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी कोषागाराकडून बँकेत आलेल्या यादीत आपल्या नावापुढे सही ठोकली की आपण वर्षभरासाठी जिवंत होत असू, आणि तो मार्ग अजूनही खुला आहे. परंतु २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही सोय निघाली असल्यामुळे मुलाने मला आधुनिक पद्धतीने जिवंत करण्याचे ठरवले. केंद्रावरच्या मुलीने माझे बोट यंत्रावर ठेवले. यंत्राने ओळख नाकारली. ‘काका, बोट जरा घासा.’ घासले. ‘दुसरं द्या.’ दिले. वयोमानाने बोटांच्या रेषा पुसट होतात हे खरे, पण आयुष्यभर फायली उलटून माझ्या रेषा शासनदरबारीच खर्ची पडल्या होत्या आणि आता त्याच शासनाला त्यांचा पुरावा हवा होता. दहाही बोटे नापास झाल्यावर तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही हयात ठरवता येते. ‘मान हलवू नका, डोळ्यांची उघडझाप करा,’ ती म्हणाली. मी केली, आणि पुढील नोव्हेंबरपर्यंतची माझी सोय झाली.

पाठीमागच्या खुर्चीवर ऐंशीच्या घरातले एक आजोबा हे सर्व निरखत होते. ‘झालं ना तुमचं?’ त्यांनी विचारले आणि माझ्या होकाराची वाट न पाहता खिशातून पासबुक काढले. ‘मग जाता जाता एवढी एंट्री मारून आणा. माझा नंबर जायला नको.’ त्यांच्या बारकोडचे चिठोरे निम्मे उडालेले होते.