साताऱ्याचा समुद्र

माझा लेख मीच चोरल्याची मेल आली तेव्हा वेंगुर्ल्यात लाईट सकाळपासून गेलेली होती. मोबाइलला रेंज फक्त गोठ्यामागच्या पायरीवर. तिथे छत्री धरून वाचलं, 'कॉपीराइटच्या तक्रारीवरून आपला मजकूर हटवण्यात आला आहे.'

मजकूर म्हणजे आंब्याच्या साठांवरचा माझा ललित लेख. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात छापून आलेला, यंदा मी तो ऑनलाइन टाकला. एका सद्गृहस्थांनी मात्र अंकावरून टाइप करून तो माझ्या आधीच, स्वतःच्या नावाने तिथे टाकला होता. तारीख त्यांची जुनी. म्हणजे चोर मी!

त्यांचा लेख उघडला. माणसाने मेहनत घेतली होती. काकीची आत्या केली, वेंगुर्ल्याचं सातारा केलं. तूप लावलेल्या ताटात रस ओतायचा, सुकला की वर दुसरा थर द्यायचा, कावळ्यांना हाकलायला पोरांना बसवायचं, हे सगळं होतं तसंच. आणि त्यापुढे, 'खळ्यात खारा वारा येई आणि मागे समुद्राची गाज.' साताऱ्यात! वाचकांनी तरीही पाचपैकी पाच तारे दिलेले.

आक्षेप घ्यायचा तर प्रतिनोटीस भरा, आणि त्यांच्याविरुद्ध वेगळी तक्रार करा. दोन्हीकडे विचारणा एकच : मूळ कृतीची लिंक द्या. दिवाळी अंकाला कुठली लिंक? पोटमाळ्यावरची ट्रंक उघडली. पानं दमटपणाने एकमेकांना चिकटलेली, ती सुरीने सोडवली. वाळवीने लेख अक्षरन् अक्षर शिल्लक ठेवला होता, फक्त लेखकाचं नाव खाल्लं होतं. नशीब, अनुक्रमणिकेतलं वाचलं. त्याचा फोटो जोडला. उत्तर आलं : 'लिंक वैध नाही.' साताऱ्याला समुद्र नसतो, हे लिहायला तर रकानाच नव्हता.

शेवटी अंकाची माहिती 'इतर' मध्ये कोंबली आणि शपथेपाशी आलो. वरील सर्व खरं, खोटं ठरल्यास खोट्या शपथेबद्दल शिक्षा मान्य. शिवाय अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य. कंपनी तिकडची, त्यामुळे तिकडचा १९९८ चा कायदा.

हे शेजारच्या आबांना वाचून दाखवलं. आबांच्या फणसाची केस त्यांच्या वडलांपासून चालू आहे. झाड यांचं, जमीन चुलत्यांची. त्यांचा चेहराच उतरला. "मेल्या, माझो फणस अजून ओरोसाच्या पुढे जांवक नाय, आणि तू थेट अमेरिकेत?"

मग त्यांनी सूत्रं हाती घेतली. "पयलो तुझ्या लेखाचो सातबारो काढ."

मी सांगितलं, आपल्या १९५७ च्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. लिहिलं की हक्क लेखकाचा, तो हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं.

"म्हणजे केस नातवंडांकाय पुरतली," आबा समाधानाने म्हणाले.

आपल्याकडच्या कलम ५२ प्रमाणे लेखी तक्रार आली की मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा, तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आला नाही तर पुन्हा खुला करता येतो, हेही सांगितलं. अमेरिकेत प्रतिनोटिशीनंतर तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर कामकाजाचे १० ते १४ दिवस.

"दिवस? वर्षां नाय?" आबांचा अशा कोर्टावरचा विश्वासच उडाला.

सद्गृहस्थ काही अमेरिकेत गेले नाहीत. मुदत संपल्यावर माझा लेख परत आला. माझ्या तक्रारीवरही निकाल लागला, 'दोन्ही मजकुरांत साम्य आढळले.' अरे, तेच तर मी सांगत होतो! त्यांचा लेख गेला आणि लगेच दुसऱ्या नावाने उगवला. या खेपेला समुद्र काढून कृष्णामाई घातली होती. खरं सांगायचं तर वाक्य बरं जमलं होतं.

इतकं रामायण झाल्यावर आबांनी लेख पहिल्यांदा सबंध वाचला. वाचता वाचता थांबले.

"ही काकी खंयची रे?"

"तुमचीच की, आबा."

"काकी माझी, साठां तिची, खळा माझा. माका इचारलंस?"

मी समजावू लागलो, की घडलेल्या गोष्टींवर कोणाचा कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या शब्दांवर असतो. आबांनी चष्मा पुसला.

"ता ऱ्हवांदे. तो फॉर्म खंय उघडता, ता आदी दाखय."