खलपुरुषाला नायक म्हणायचं का?

सांगलीत विश्रामबागला माझी मावशी आणि तिच्या मैत्रिणी दर महिन्याला एक कादंबरी वाचतात. या खेपेला 'ययाती' होती आणि त्यावरून चांगलीच जुंपली. पोटच्या पोराकडे तारुण्य मागणारा बाप नायक कसा? "खांडेकर आपल्या सांगलीत जन्मले म्हणून त्यांचा ययाती डोक्यावर घ्यायचा का गं?" मावशी फोनवर तावातावाने विचारत होती. कॉलेजच्या पोरांच्या हाती हे देऊच नये, इथवर तिची गाडी गेली.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) ही कादंबरी लिहिणाऱ्या एमिली ब्राँटेचं गाव हावर्थ इथून जवळच. इकडे त्या कादंबरीच्या नायकाचं, हीथक्लिफचं नाव काढलं की माणसं हळवी होतात. काय ते प्रेम, म्हणतात. मला हे बघवत नाही. या माणसाने सूडापोटी आपल्या प्रेयसीच्या, कॅथरीनच्या, नणंदेशी म्हणजे इझाबेलाशी लग्न केलं. तिला पळवून नेताना तिच्याच कुत्रीला फासावर टांगलं. वैऱ्याच्या पोराला, हेअरटनला, अक्षरओळख होऊ दिली नाही आणि त्याच्या वाडवडिलांच्या घरात त्याला गड्यासारखं राबवलं. मारहाणीपेक्षा मला हे भयंकर वाटतं, कारण आपलं काय हिरावलं गेलं हेच त्या पोराला उमगत नाही. हीथक्लिफ मेल्यावर मनापासून रडतो तो हेअरटनच.

तरी नायक हीथक्लिफच. त्याला काढलं तर कादंबरीत उरतं काय? पण ब्राँटेने गोष्ट त्याच्या तोंडी दिली नाही. ती सांगते घरात काम करणारी नेली डीन. मधे इझाबेलाचं पत्र येतं, हा माणूस आहे की सैतान, असं विचारणारं. खांडेकरांनी १९५९ साली ययातीला स्वतः बोलू दिलं, पण देवयानी आणि शर्मिष्ठेलाही बोलू दिलं. ज्यांची आयुष्यं त्याने नासवली त्यांचं म्हणणं वाचकापर्यंत पोचत असेल, तर खलपुरुष खुशाल नायक असावा.

मावशीचा संताप मला इथल्या हळवेपणापेक्षा जवळचा वाटतो. पुस्तक पोरांपासून लपवणं मात्र अजिबात मान्य नाही. विशेषतः मुलींनी इझाबेला वाचावीच. हा निर्दय आहे, लांडगा आहे, असं कॅथरीनने तिला तोंडावर बजावलं होतं. तिने ऐकलं नाही. पुढे हीथक्लिफच नेलीला तुच्छतेने सांगतो, की मला प्रेमकथेतला नायक समजून ही घर सोडून आली.