हिरवी होती, नारिंगी नव्हे!

आकाशात काहीतरी अचाट घडावं आणि ते नेमकं आपल्या एकटीलाच दिसावं, यासारखा ताप नाही. ग्रहणाचं बरं असतं. ते तारीख-वेळ आधी कळवून येतं, सहकुटुंब बघता येतं. उल्का न सांगता येते, दोन-तीन सेकंदांत आटपते आणि पुरावा म्हणून मागे ठेवते ते फक्त आपलं उघडं तोंड.

त्या रात्री गच्चीवर आम्ही दोघं होतो. म्हणजे देहानं दोघं. ह्यांनी फोनवर नवं ॲप घेतलं होतं, फोन आकाशाकडे धरला की समोरच्या ताऱ्याचं नाव सांगणारं. नावं वाचण्यात ते इतके गर्क की तारे बघायला सवड नव्हती. "हा बघ अभिजित," ते स्क्रीनला सांगत होते, आणि तेवढ्यात कठड्याची सावली माझ्या पायांवरून सर्रकन सरकली. काळोखात सावली? मी वर पाहिलं. हिरवट-निळा गोळा, मागे लांबलचक शेपूट, शेवटी लख्ख भडका, दोन-तीन ठिणग्या. संपलं.

"अहो, ते बघा!" असं मी ओरडले खरी. पण उल्का वातावरणात शिरते तीच सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं. माझं 'अहो' पुरं होईपर्यंत ती कितीतरी गावं ओलांडून गेली होती आणि 'बघा'पर्यंत उरलीच नव्हती. ह्यांनी शांतपणे मान वर केली, माझ्या बोटाचं टोक नीट न्याहाळलं आणि विचारलं, "कुठं काय?" मग फोनकडे बघून निकालच दिला, "ॲपमध्ये तर काही आलं नाही."

खाली आल्यावर उलटतपासणी सुरू झाली.

"आवाज आला का?" सासऱ्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी जी मान हलवली, तिच्यात माझी साक्ष निम्मी फेटाळली गेली. मी सांगितलं, "बाबा, ती ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर पेटते. आवाज आलाच तरी पोचायला चार-पाच मिनिटं लागतील, आणि बहुतेक वेळा येतच नाही." हे सांगून मी स्वतःचंच नुकसान केलं. बाबा घड्याळ घेऊन बसले आणि घरातल्या एकालाही हलू देईनात. त्यात माझ्या तोंडून चेल्याबिन्स्क निघून गेलं. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात त्या शहराजवळ साधारण वीस मीटरचा दगड हवेतच फुटला. उजेड बघून लोक कौतुकानं खिडक्यांशी धावले, आणि मिनिट-दोन मिनिटांनी धक्कालहर आली ती काचा फोडतच. दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली, त्यातली बरीचशी काचांनी. "खिडकीपासून लांब व्हा!" बाबा कडाडले. सगळं घर भिंतीला चिकटून उभं. काही झालं नाही, त्याचाही ठपका माझ्यावरच.

चिरंजीवांचं म्हणणं, तो जुना उपग्रह असणार. मी म्हटलं, अरे, उपग्रहाचा भंगार माल जळत खाली येतो तो कसा रमतगमत येतो, कधीकधी मिनिटभर दिसत राहतो, तुकड्यांची वरात घेऊन. ही सपकन गेली. "मग कुठल्या वर्षावातली?" त्यानं पुढचा पेच टाकला. इथं मी अडकले. ऑगस्टच्या मध्यावर दिसली असती तर ययाती तारकासमूहाच्या उल्कावर्षावावर, म्हणजे पर्यायानं स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या धुळीवर, बिल फाडता आलं असतं. डिसेंबरच्या मध्यावर मिथुनेचा वर्षाव असतो, त्याचा बाप फेथॉन नावाचा लघुग्रह. माझी उल्का दोन्ही हंगाम सोडून आलेली, कुळशील नसलेली. अशा एकट्या-दुकट्या उल्का वर्षभर पडत असतात, पण आमच्या घरात कुळाशिवाय कुणाला किंमत नाही.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. त्यांनीही पाहिली होती! मला भरून आलं. काका म्हणाले, "अहो, आपल्या मागच्याच मैदानात पडली!" माझा एकुलता एक साक्षीदार हा असा फुटला. उल्का किती लांब आहे याचा डोळ्यांना अंदाजच येत नाही. दीडशे किलोमीटरवरची झाडामागे पडल्यासारखी वाटते. त्यातून काही वाचून जमिनीवर आलंच, तर शेवटचे वीसेक किलोमीटर ते विझलेलं, काळं होऊनच पडतं. काकांना हे पटलं नाही. ते बॅटरी घेऊन मैदानात गेले आणि एक दगडही घेऊन आले. त्या दगडावर सिमेंट होतं.

खरं सांगते, मला त्या अमेरिकेतल्या लोकांचा हेवा वाटतो. 9 ऑक्टोबर 1992 च्या शुक्रवारी तिथं ठिकठिकाणी शाळांचे फुटबॉल सामने चालू होते, पालक हौसेनं कॅमेरे घेऊन उभे. डोक्यावरून अग्निगोल गेला तो कितीतरी कॅमेऱ्यांत सापडला. वर त्यातला बारा-एक किलोचा अशनी, म्हणजे न जळता जमिनीपर्यंत पोचलेला तुकडा, पीकस्किल गावात एका उभ्या गाडीची मागची डिकी फोडून खाली गेला. पुरावा म्हणतात तो असा! आमच्याकडे फोन हातात, आकाशाकडे धरलेला, आणि त्यात अभिजित.

शेवटी मी आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे रीतसर माहिती पाठवायची ठरवली. वेगवेगळ्या ठिकाणच्या साक्षी जुळवून ते उल्केचा मार्ग काढतात, म्हणजे निदान तिथं तरी माझ्या शब्दाला मोल होतं. पण त्यांचे प्रश्न बाबांना लाजवणारे. तोंड कोणत्या दिशेला होतं? सुरुवात क्षितिजापासून किती अंशांवर? चंद्राहून तेजस्वी की कमी? मागे धूर रेंगाळला? हात ताठ केला की मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते, असं वाचलं होतं. म्हणून रात्री साडेबाराला पुन्हा गच्चीवर जाऊन मुठीवर मूठ रचत आकाश मोजत बसले. चिरंजीव म्हणे, "आई, कुणाला मारणारेस?" रंगाच्या रकान्यात ठामपणे 'हिरवा' लिहिलं. मॅग्नेशियम जळताना असा निळसर-हिरवा उजेड देतं, हे मी तिघांनाही ऐकवलं. तिघांनीही जांभया दिल्या.

आता गंमत पुढची आहे. दुसऱ्या दिवशी बातम्यांत चार ओळी आल्या की रात्री बऱ्याच जणांना अग्निगोल दिसला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सोफ्यावर मांडी ठोकून सांगतात, "आम्ही होतो ना गच्चीवर! उत्तरेकडून आली. काय तो नारिंगी रंग!"

"हिरवा," मी आतून ओरडते. "आणि उत्तरेकडे गेली, आली नाही!"

"अगं, तू माझ्याकडे बघत होतीस," हे म्हणतात, "तुला कशी नीट दिसणार?"