‘यो, यो’ म्हणणारं कोणी नसलं की

गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी गाडी मागे घेणं हे कधीच एकट्याचं काम नव्हतं. बाबा गाडीत बसले की आजी, आई नाहीतर शेजारचं कोणीतरी आंगणात येऊन उभं राहायचं आणि हात हलवत सांगायचं, ‘यो, यो, यो... राव!’, म्हणजे ‘ये, ये, ये... थांब!’ एका बाजूला तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला चिऱ्यांचा गडगा (बुटकी कुंपणभिंत), मधून गाडी जेमतेम निघेल एवढी वाट, आणि गडगा संपला की लगेच रस्ता. त्या ‘राव’वर आमचा सगळ्यांचा भरवसा होता.

आता आजी नाही. मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहते, भाऊ पुण्याला. घरी आईबाबा दोघंच. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आतूनच विचारते, ‘निघालात?’ बाबा ७६ वर्षांचे आहेत, मानेच्या स्पाँडिलायटिसमुळे त्यांना मागे वळून बघता येत नाही. गेल्या जूनमध्ये गाडी मागे घेताना त्यांनी गडग्याला बंपर घासला. चिऱ्याचा कोपरा गेला आणि बंपरला भेग पडली, नुकसान तेवढंच. पण त्याच सकाळी, अर्ध्या तासापूर्वी, शेजारची चार वर्षांची मुलगी त्याच जागी जास्वंदीची फुलं वेचत होती. आईने फोनवर हे सांगितलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, की चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येताना रिव्हर्स कॅमेरा, म्हणजे गाडीमागचं स्क्रीनवर दाखवणारा कॅमेरा, घेऊन येते आणि बाबांच्या गाडीला स्वतः लावते. त्यावर जी चर्चा झाली तीच मला इथे मांडायची आहे, कारण ती आमच्या एका घरापुरती नाही. काका म्हणाले, ‘चाळीस वर्षं आरशात बघून गाडी चालवली. कॅमेरा लावला की माणूस मान वळवायचं विसरतो.’ चुलतभाऊ म्हणाला, वायरीला हात लावला तर कंपनी वॉरंटी काढून घेते. भावोजींचं म्हणणं, मागे काही आलं की वाजणारा सेन्सर कायद्याने दिलेला आहे, तो पुरे. आणि जवळजवळ सगळ्यांचं एकमत, की हे काम इलेक्ट्रिशियनचं, तू कशाला हात काळे करतेस?

आधी सेन्सरचं बोलू. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चांगलाच नियम आहे. पण सेन्सर फक्त एवढंच सांगतो, की मागे काहीतरी आहे. ते झाड आहे, कुत्रा आहे की मूल, हे तो सांगत नाही. आपल्याकडच्या आंगणात मागे सतत काहीतरी असतंच. गडगा असतो, माड असतो, पावसात वाढलेलं गवत असतं. सेन्सर रोज वाजतो आणि महिनाभरात माणूस त्याच्या आवाजाकडे लक्ष देईनासा होतो. अमेरिकेत नियम करताना सेन्सरचाही विचार झाला होता, पण लहान मुलं ओळखण्यात ते कमी पडले. म्हणून तिथला नियम मागचं दिसण्यावर बेतलेला आहे.

त्या नियमामागे एक घर आहे. २००२ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्याच घरासमोर, वडिलांची गाडी मागे येताना दगावला. वडील बालरोगतज्ज्ञ. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला, प्रत्यक्ष नियम ठरायला २०१४ उजाडलं, आणि १ मे २०१८ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागचा साधारण तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब पट्टा दिसला पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. गाडी मागे घेताना तिथे वर्षाला सुमारे २१० माणसं मरतात आणि १५,००० जखमी होतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी मांडला होता. मरणाऱ्यांत ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं, २६ टक्के सत्तरी ओलांडलेले. म्हणजे नातवंडं आणि आजीआजोबा, आंगणात असतात तीच माणसं.

काकांना मी एवढंच सांगितलं, की आरसा कितीही नीट बघितला तरी बंपरच्या खालची जागा त्यात येत नाही. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं तरी काचेच्या कडेखालचं मूल दिसत नाही. यात ड्रायव्हरच्या कसबाचा प्रश्नच येत नाही. गाडीच्या पत्र्यातून कोणालाच पलीकडचं दिसत नाही.

मी हे काम अमेरिकेत शिकले ते हौसेने शिकले नाही. माझी २०११ ची जुनी सेडान आहे. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो लावायची मजुरी तिप्पट सांगितली गेली. तिथे ड्राइव्ह-वेमध्ये गाडीखाली झोपलेला माणूस दिसतो तो बहुतेक वेळा याच हिशेबाने झोपलेला असतो. पण त्या देशाने स्वतः काम करणाऱ्याला एक आधार दिलाय, आणि तो मला मोलाचा वाटतो. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तर मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मत देऊन गाडी दुरुस्त करण्याचा हक्क पक्का केला.

घरच्या लोकांना वाटतं, हे सगळं तिकडचं. तसं नाही. कंपन्यांची मक्तेदारी रोखणाऱ्या आपल्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या कामाने जेवढं बिघडेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, पण विचार आपल्याच भूमीवर मांडला गेला. तरीही काउंटरवरचा माणूस ‘वायर कापली तर वॉरंटी गेली’ म्हणतो आणि आपण मान डोलावून परत येतो. बाबांच्या गाडीची तर वॉरंटी संपून कितीतरी वर्षं झाली होती आणि भीती मात्र शिल्लक होती.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला तसं मी आणि भाच्याने काम काढलं. तो अकरावीत आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि वीज तपासायची असेल तेवढ्यापुरतीच परत लावायची, हे त्याला पहिल्यांदा सांगितलं. डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक काढल्यावर जे दिसलं त्याने मला वाईट वाटलं. काही वर्षांपूर्वी एका दुकानात बाबांनी सेन्सर बसवून घेतले होते. तिथल्या माणसाने रिव्हर्सच्या दिव्याची वायर नुसती सोलून, पिळून, वर टेप गुंडाळली होती. आपल्या दमट हवेत आणि उन्हात टेपचा गोंद सुटतो. टेप लोंबत होती, तांबं हिरवं पडलं होतं. सेन्सर कधी वाजायचे आणि कधी नाही, याचं कारण ते होतं. बाबा इतके दिवस समजत होते, की आपल्यालाच ऐकू येत नाही.

ती हिरवी वायर कापून टाकली. तपासण्यापुरती बॅटरी परत लावून चावी फिरवली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, बाबांनी रिव्हर्स टाकला, आणि भाच्याने मल्टिमीटरची, म्हणजे वीज मोजायच्या यंत्राची, टोकं दिव्याच्या होल्डरला लावली. १२.३ व्होल्ट. ‘आला!’ असा तो ओरडला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हा दिवा २१ वॅटचा असतो, कॅमेरा त्याच्या मानाने अगदी थोडी वीज घेतो, म्हणून तिथूनच जोड घेतली आणि मध्ये एक अँपियरचा फ्यूज टाकला. जोडावर सोल्डर, सोल्डरवर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, नळी. अर्थसाठी बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि घट्ट केल्यावर वर ग्रीस लावलं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज. नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची नजर असते, चित्र लुकलुकतं, तिथे रिले, म्हणजे विजेने चालणारा वेगळा स्विच, लागतो. जुन्या गाडीत ती भानगड नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डिकीचं दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधल्या रबरी नळीतून केबल ओढण्यात. साबणाचं पाणी लावलं, सायकलच्या ब्रेकची तार आत घातली, तिच्या टोकाला केबल बांधली, आणि भाचा आतून ओढत राहिला. पुढे दरवाज्याच्या उंबऱ्याखालच्या पट्टीतून सहा मीटरची केबल डॅशबोर्डपर्यंत. काचेच्या बाजूच्या खांबातून न्यायची असेल तर एअरबॅग कुठे आहे ते आधी पाहायचं आणि तिच्यावरून वायर कधीच न्यायची नाही. कॅमेरा मी नंबरप्लेटच्या दिव्याजवळ बसवला. भोक पाडल्यावर उघड्या कडेला प्रायमर लावला. २०१९ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांची सुरक्षा नंबरप्लेट न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते, म्हणून प्लेटवर अडकवायचा कॅमेरा तिथे घेऊ नये. अमेरिकेत प्लेट स्क्रूने निघते, म्हणून तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडे तसंच करायला गेलं की फसायला होतं.

स्क्रीन लागली तेव्हा बाबा म्हणाले, ‘डावीकडचा माड उजवीकडे दिसतोय.’ बरोबर होतं. मागचा कॅमेरा आरशासारखा उलटा दिसायला हवा, नाहीतर स्टिअरिंग भलतीकडे फिरतं. सेटिंग बदललं. मग अंतराच्या रेघा. लेन्स रुंद कोनाची असल्याने वस्तू आहे त्याहून लांब भासते, म्हणून रेघांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आम्ही माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या छतासाठी, आणलेल्यांतले उरलेले चार असोले (न सोललेले) नारळ घेतले आणि त्यांतले तीन बंपरपासून एक, दोन, तीन मीटरवर ठेवले. बाबांनी स्क्रीनवर प्रत्येक नारळ कुठल्या रेघेवर येतो ते पाहून घेतलं. मग चौथा नारळ बंपरच्या अगदी खाली ठेवला. तो दिसला नाही. तो बाबांना मी मुद्दाम दाखवला. कॅमेऱ्यालाही न दिसणारी जागा असते, आणि गाडीत बसायच्या आधी एकदा मागून फेरी मारायची ती याचसाठी.

संध्याकाळी आमचा ओळखीचा इलेक्ट्रिशियन आरतीला आला होता. त्याने जोड बघितले, आणि एक गोष्ट सांगितली जी मला अमेरिकेत कोणी सांगितली नव्हती. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ दे, आणि कनेक्टरचं तोंड खाली ठेव, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी जोडापर्यंत न जाता झोळावरूनच टपकतं. जिथे चार महिने असा पाऊस कोसळतो तिथल्या माणसाकडेच हे ज्ञान असतं. तेव्हाच्या तेव्हा मी तसं केलं.

म्हणून मी कोणाला ‘इलेक्ट्रिशियनकडे जाऊ नका’ असं म्हणणार नाही. गोव्यात हे काम नीट करणारे हात आहेत, थोड्या पैशांत, आणि ते हात टिकले पाहिजेत. मला एवढंच हवंय, की गाडी ज्याची आहे त्याने समोर उभं राहावं, जोड सोल्डर केला की पिळला ते विचारावं, फ्यूज घातला का ते बघावं. आपण गाडी सोडून चहाला जातो, म्हणून वायरी पिळून ठेवल्या जातात. आणि ज्याला हौस आहे, ज्याच्या घरी अकरावीतलं पोर सुट्टीत मोबाइल घेऊन बसलेलं आहे, त्याने एक दुपार काढून स्वतः लावावा.

नियमाबद्दलही सांगते. नव्या गाड्यांसाठी सेन्सरवर थांबू नये, कॅमेरा सक्तीचा व्हावा, आणि स्क्रीन किती सेकंदांत उजळते तेही नियमात यावं. स्वस्तातल्या काही स्क्रीन सुरू व्हायलाच इतका वेळ घेतात की तोवर गाडी रस्त्यावर आलेली असते. पण नियम नव्या गाड्यांचा असतो आणि गोव्यातल्या आंगणांत जुन्या गाड्या आहेत, त्या चालवणारी माणसंही आता म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांच्या मागे उभी राहणारी मुलं माझ्यासारखी दूर आहेत. ‘आमच्याकडे माणसं आहेत, आम्हाला कॅमेरा कशाला’ हे काकांचं वाक्य वीस वर्षांपूर्वी खरं होतं. आज त्यांच्याही घरी दोघंच असतात.

बाबा आता सकाळी देवपूजा झाली की ओल्या फडक्याने लेन्स पुसतात आणि मग चावी घेतात. आणि परवा काकांचा मेसेज आला. त्यांची गाडी सात जणांची, लांब, तर सहा मीटरची केबल पुरेल का? मी कळवलं, दहा मीटरची घेऊन येते.